सॉफ्ट क्ष-किरणांच्या नोंदी दर उड्डाणात कमी भरतात: फिल्टरवरचा बर्फ ओळखायचा कसा, काढायचा कसा

लक्षण असं. साउंडिंग रॉकेटवर (काही मिनिटं अवकाशात जाऊन परत येणाऱ्या रॉकेटवर) मिलिकेल्विन तापमानाला चालणारा कॅलरीमीटर, म्हणजे फोटॉनची ऊर्जा उष्णता म्हणून मोजणारा डिटेक्टर, बसवलाय. आकाशाचा मोठा तुकडा एकदम बघून १०० ते १००० इलेक्ट्रॉन व्होल्टमधली पसरट क्ष-किरण पार्श्वभूमी मोजायची आहे. उड्डाण नीट होतं. डिटेक्टर थंड राहतो, ऊर्जेची विभेदनक्षमता ठरल्याप्रमाणे मिळते, कॅलिब्रेशनची रेषा जागच्या जागी असते. तरीही ओ-सेव्हनच्या, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या, नोंदी अपेक्षेपेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी कमी. सी-सिक्सची, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची, रेषा मात्र जवळपास ठीक. पुढच्या उड्डाणात पुन्हा तोच प्रकार, फक्त तुटीचा आकडा वेगळा.

बहुतेक वेळा याचं कारण डिटेक्टरसमोरच्या थंड फिल्टरवर साचलेला पाण्याचा बर्फ असतो. पण त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी जातो, कारण त्याआधी एक फार सोयीचं उत्तर हाताशी असतं: आकाशच बदललं असेल.

हे उत्तर खोटं नाही, आणि अडचण तीच आहे. १९९६ मध्ये रोसॅट उपग्रहाला ह्याकुताके धूमकेतूकडून क्ष-किरण येताना दिसले. सौरवाऱ्यातले जड आयन उदासीन अणूंकडून इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि त्यातून हे किरण निघतात, हा खुलासा पुढच्याच वर्षी क्रेव्हन्स यांनी मांडला. तीच प्रक्रिया पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनमध्ये आणि सूर्यमालेतून वाहणाऱ्या आंतरतारकीय वायूतही चालू असते, आणि सौरवारा बदलला की तिचा उजेडही बदलतो. आपल्या आसपासच्या तप्त वायूच्या बुडबुड्यातून किती प्रकाश येतो आणि या सौरवाऱ्याच्या प्रक्रियेतून किती, हे वेगळं काढण्यासाठी २०१२ मध्ये डीएक्सएल नावाचं स्वतंत्र रॉकेट उडवावं लागलं. त्यामुळे ओ-सेव्हन कमी दिसलं की 'त्या दिवशी सौरवारा मंद होता' असं म्हणून मोकळं होता येतं, आणि ते कोणाला खोडताही येत नाही.

आता नोंदींचा हिशोब बघा. विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि नासाच्या गोडार्ड केंद्राच्या एक्सक्यूसी या उपकरणाने १९९९ च्या उड्डाणात ३६ कॅलरीमीटरांनी सुमारे एक स्टेरेडियन (घनकोनाचं एकक) आकाश जवळपास १०० सेकंद पाहिलं. विभेदन साधारण ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट होतं. ओ-सेव्हनसाठी आलेला आकडा प्रति चौरस सेंटीमीटर, प्रति सेकंद, प्रति स्टेरेडियन ४.८ फोटॉन, त्रुटी ०.८. म्हणजे त्रुटीच १७ टक्के. पुढे बघूच, पण १०० नॅनोमीटर बर्फ ओ-सेव्हनमधला जवळपास तेवढाच भाग खातो. एका उड्डाणाच्या आकाशाच्या नोंदींतून ही तूट शोधायला गेलात तर ती सांख्यिकीच्या कुशीत लपून बसेल. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: बर्फाचं निदान आकाशाकडे बघून होत नाही, ते जमिनीवरच, उड्डाणाच्या जितकं जवळ जमेल तितकं करायला हवं.

बर्फ नेमका काय खातो

कॅलरीमीटर फोटॉनची ऊर्जा तापमानवाढ म्हणून मोजतो. अशा वस्तूसमोर उघडी खिडकी ठेवता येत नाही. खोलीच्या तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर जवळपास अर्धा मिलिवॅट. चुंबकीय शीतकाच्या थंड टोकाला मायक्रोवॅटही जड जातो. म्हणून डिटेक्टरसमोर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले प्लास्टिकचे अतिपातळ पडदे लावतात. एक नाही, एकामागे एक चार-पाच, प्रत्येक आधीच्यापेक्षा थंड. हे पडदे अवरक्त किरण अडवतात आणि सॉफ्ट क्ष-किरण जाऊ देतात, कारण ते खरोखरच पातळ असतात. आणि म्हणूनच त्यांच्यावर बसलेला शंभरेक नॅनोमीटरचा आगंतुक थर दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. तो फिल्टरच्याच जाडीच्या तोलाचा असतो.

ऑक्सिजनची शोषण कडा, म्हणजे जिच्यावरच्या ऊर्जेचे किरण तो एकदम जास्त शोषू लागतो ती सीमा, ५४३ इलेक्ट्रॉन व्होल्टला आहे. तिच्या खाली, कार्बनच्या २८४ च्या कडेपर्यंत, पाणी बऱ्यापैकी पारदर्शक असतं. कडा ओलांडली की एकदम भिंत. दुर्दैव असं की ओ-सेव्हनच्या तिन्ही रेषा, ५६१, ५६९ आणि ५७४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, या भिंतीला अगदी चिकटून वरच्या बाजूला आहेत. तिथे पाण्यात सुमारे अर्धा मायक्रोमीटर आत जाईपर्यंत प्रकाश एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो. १०० नॅनोमीटर बर्फाचा ढोबळ हिशोब असा निघतो:

ओ-सेव्हन, ५७० च्या आसपास: १८ टक्के तूट.
ओ-एट, ६५४: १२ ते १३ टक्के.
सी-सिक्स, ३६७: ३ टक्के.
पाव किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा पट्टा, २५० च्या आसपास: ७ टक्के.

हा क्रम लक्षात ठेवा, कारण हीच बर्फाची सही आहे. तेलाची किंवा इतर हायड्रोकार्बनची वाफ बसली असेल तर चित्र उलटं दिसतं. कार्बनची कडा ओलांडल्यावर सगळ्यात आधी सी-सिक्सच येतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या सेंद्रिय थरात सी-सिक्सचा सुमारे चौथा हिस्सा जातो, ओ-सेव्हनचा दहा टक्क्यांच्या आसपास, आणि २५० च्या पट्ट्याला धक्का जवळपास लागतच नाही. चंद्रा दुर्बिणीच्या एसीआयएस कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं साचत गेलेला थर या दुसऱ्या, कार्बनच्या जातीचा आहे. सुझाकूच्या सीसीडी कॅमेऱ्यांनाही २००५ च्या प्रक्षेपणानंतर लवकरच तसाच त्रास झाला. उपग्रहाला निदान ओळखीच्या स्रोताकडे पुन्हा पुन्हा बघून थराची वाढ मोजता येते. रॉकेटला चार-पाच मिनिटं मिळतात आणि समोर कुठलाही ठराविक तेजाचा दिवा नसतो.

एक दिलासा आहे. ओ-सेव्हनच्या तीन रेषांचं आपापसातलं गुणोत्तर, ज्यावरून तप्त वायू आणि सौरवाऱ्याची प्रक्रिया यांत फरक करता येतो, ते बर्फाने फारसं बिघडत नाही. तिन्ही जवळजवळ सारख्याच कापल्या जातात. बिघडतं ते ओ-सेव्हनचं निव्वळ मूल्य आणि सी-सिक्सशी त्याचं गुणोत्तर. तुमचा निष्कर्ष यांपैकी कशावर उभा आहे ते आधी तपासा. पहिल्यावर असेल तर इतकं घाबरायचं कारण नाही.

गेज चांगलं दाखवतोय, मग बर्फ आला कुठून?

हा प्रश्न हमखास येतो. क्रायोस्टॅटचा, म्हणजे डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या निर्वात भांड्याचा, दाब मोजणारा गेज कोमट भिंतीवर, पंपाच्या तोंडाशी बसलेला असतो. तो तिथला दाब सांगतो. फिल्टरला मात्र बहुस्तरीय निरोधकाच्या घड्या, प्लास्टिकच्या सपोर्ट, वायरिंगचं आवरण आणि ओ-रिंगमधून झिरपणारी हवा हे सगळं दिसत असतं. त्या प्रत्येकातून पाण्याची वाफ निघते आणि पहिल्यांदा भेटलेल्या पुरेशा थंड पृष्ठभागावर कायमची बसते. थंड पृष्ठभाग हाच उत्तम पंप असल्यामुळे गेजचा आकडा उलट सुधारतो. म्हणजे गेज जितका छान दिसतो तितकं पाणी कुठेतरी बसलेलं असण्याची शक्यता जास्त.

आकडे असे आहेत. १०⁻⁶ टॉर दाबाला एका सेकंदात पृष्ठभागावर साधारण एका रेणूच्या जाडीचा थर बसतो. पाण्याच्या वाफेचा आंशिक दाब १०⁻⁹ टॉर इतका उत्तम असला तरी हजार सेकंदाला एक थर, दिवसाला ८६, म्हणजे सुमारे २६ नॅनोमीटर. चार दिवसांत १०० नॅनोमीटर! आणि प्रक्षेपणतळावर क्रायोस्टॅट चार दिवस नव्हे, आठवडे थंड असतो: कंपन चाचणी, जुळणी, हवामानाची वाट, प्रक्षेपणक्षेत्र मिळण्याची वेळ. प्रत्येक उड्डाणात तूट वेगळी का, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं. थंड केल्यापासून प्रक्षेपणापर्यंतचे दिवस मोजून तुटीसमोर मांडा. नातं दिसलं तर पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही.

सगळ्यात जास्त भार बाहेरच्या फिल्टरवर येतो. आतल्या फिल्टरांना त्याची आणि ढालींची सावली मिळते. पण जोडांतल्या फटी पूर्ण बंद नसतात (नसाव्यातही, हवा काढताना पातळ पडद्याच्या दोन बाजूंचा दाब सारखा राहिला नाही तर तो फाटेल), आणि त्या वाटेने आतही थोडं पोहोचतं.

आणखी एक आडून येणारी खूण आहे. अ‍ॅल्युमिनियमचा स्वच्छ पडदा अवरक्त किरण परतवतो. बर्फ त्यातले बरेच शोषतो. त्यामुळे बर्फाळलेला फिल्टर स्वतः जास्त उष्णता घेतो आणि आत जास्त देतो. शीतकाच्या चुंबकातला विद्युतप्रवाह (चुंबकप्रवाह) तेच तापमान टिकवताना नेहमीपेक्षा लवकर उतरत असेल, थंड राहण्याचा काळ आठवड्यागणिक कमी होत असेल, तर क्ष-किरणांचा एकही फोटॉन न मोजता तुम्हाला इशारा मिळालेला आहे. ही नोंद प्रयोगशाळेच्या वहीत असतेच. ती कोणी या प्रश्नासाठी उघडत नाही, एवढंच.

आधी बाकीचे संशयित बाजूला काढा

उरलेलं वातावरण. याचा हिशोब फार जणांच्या कल्पनेपेक्षा मोठा निघतो. १३० किलोमीटर उंचीवर सरळ वर पाहिलं तर डोक्यावर उरलेल्या हवेचं वजन प्रति चौरस सेंटीमीटर साधारण १०० नॅनोमीटर बर्फाइतकंच असतं. १६० किलोमीटरला ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं. तिरकं पाहत असाल तर वाढतं. वेगळं ओळखायला दोन खुणा आहेत. पहिली, हवेची तूट शिखराच्या दोन्ही बाजूंना सममित असते: चढताना कमी होते, उतरताना तशीच वाढते. बर्फ निरीक्षणाच्या त्या मिनिटांत हलत नाही. दुसरी, हवेत नायट्रोजन आहे आणि त्याची कडा ४१० ला आहे, त्यामुळे एन-सेव्हनची ५०० ची रेषाही मार खाते. बर्फाच्या दृष्टीने ५०० हा पारदर्शक भाग आहे.

ट्रिगरची पातळी, म्हणजे स्पंद नोंदला जाण्यासाठी ओलांडावी लागणारी मर्यादा. मोटर जळत असताना कंपनाने थंड टोक तापतं आणि शांत व्हायला वेळ घेतं. बेसलाइनचा गोंगाट वाढलेला असताना पातळी वर ढकलली असेल तर लहान स्पंद गाळले जातात. पण ही तूट सर्वांत कमी ऊर्जेपासून सुरू होते आणि वर जाताना संपते. ५४३ ला तिला काही घेणंदेणं नसतं. पाव किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा पट्टा रिकामा आणि ओ-सेव्हन ठणठणीत असेल तर हा लेख बंद करून ट्रिगरकडे जा.

डिटेक्टरसमोरचा मुख्य व्हॉल्व्ह (उड्डाणात उघडणारं झाकण) अर्धवट उघडणं. सगळ्या ऊर्जांना सारखीच कात्री. गुणोत्तरं शाबूत, निव्वळ मूल्यं कमी. (व्हॉल्व्हने दगा देणं फक्त रॉकेटपुरतं नाही. २०२३ मध्ये गेलेल्या एक्सरिझम उपग्रहाच्या रिझॉल्व्ह उपकरणाचं द्वार उघडलंच नाही, आणि बेरिलियमच्या खिडकीमुळे १.७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टखालचा भाग त्याला जवळपास बंद झाला. ओ-सेव्हनची पसरट पार्श्वभूमी कॅलरीमीटरने मोजायला रॉकेटं अजून का लागतात, त्याचं हेही एक कारण.)

कॅलिब्रेशनच्या रेषेवर मात्र भरवसा ठेवू नका. ती ३.३ किंवा ५.९ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची असते, ऊर्जेचं प्रमाण बरोबर आहे एवढंच सांगते. स्रोत फिल्टरांच्या आत असेल तर त्याला बर्फ दिसतच नाही. बाहेर असला तरी इतक्या ऊर्जेच्या किरणांना १०० नॅनोमीटर बर्फ म्हणजे काहीच नाही.

जमिनीवरची चाचणी

इथे थोडा वेळ घालवा, कारण सगळं यावर अवलंबून आहे.

हवं काय? सगळ्या फिल्टरांच्या बाहेर बसलेला, सॉफ्ट भागात अनेक रेषा देणारा स्रोत, ज्याच्या दोन रेषा ५४३ च्या दोन बाजूंना पडतात. अल्फा कणांनी लक्ष्यावर मारा करून प्रतिदीप्ती (लक्ष्यातल्या मूलद्रव्यांचे ठरावीक क्ष-किरण) मिळवणं हा यावरचा साधा आणि भरवशाचा उपाय आहे. क्युरियम-२४४ चं अर्धायुष्य १८ वर्षांचं, पोलोनियम-२१० चं १३८ दिवसांचं. आपण गुणोत्तर मोजणार असल्यामुळे स्रोत मंदावला तरी बिघडत नाही. लक्ष्य म्हणून टेफ्लॉन आणि अ‍ॅल्युमिना शेजारी शेजारी लावा. टेफ्लॉनमधून कार्बनची २७७ आणि फ्लोरिनची ६७७ ची रेषा येते, अ‍ॅल्युमिनामधून ऑक्सिजनची ५२५ आणि अ‍ॅल्युमिनियमची १४८७. तिसरा तुकडा बोरॉन नायट्राइडचा ठेवला तर नायट्रोजनची ३९२ मिळते.

आता जोड्या बघा. ऑक्सिजनची ५२५ ची रेषा बर्फाच्या भिंतीच्या अलीकडे, फ्लोरिनची ६७७ पलीकडे. १०० नॅनोमीटर बर्फाने फ्लोरिन सुमारे १२ टक्के घटतो, ऑक्सिजन एक टक्का. फ्लोरिन भागिले ऑक्सिजन ही तुमची बर्फपट्टी. तेलासाठी नायट्रोजन भागिले कार्बन: ३९२ कार्बनच्या कडेपलीकडे, २७७ अलीकडे. दोन्ही गुणोत्तरं एकत्र पाहिली की बर्फ आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची १४८७ ची रेषा आधारासाठी; ती हलली तर फिल्टरकडे बघण्याआधी भूमिती तपासा.

नोंदी किती हव्यात? २० नॅनोमीटर बर्फ दोन सिग्माने (त्रुटीच्या दुप्पट फरकाने) पकडायचा तर गुणोत्तरातला सव्वादोन टक्क्यांचा बदल दिसला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक रेषेत सुमारे १५,००० नोंदी लागतात. सेकंदाला पाच नोंदी आल्या तर पन्नास मिनिटं. थंड राहण्याच्या काळातून तासभर काढायला लोक कुरकुरतात. काढा.

स्रोत ठेवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे मुख्य व्हॉल्व्हच्या सरकपट्टीची आतली बाजू. व्हॉल्व्ह बंद असताना स्रोत सगळ्या फिल्टरांमधून डिटेक्टरकडे बघतो, उघडताना पट्टीबरोबर बाजूला सरकतो. पेलोड रॉकेटवर चढवल्यावरही मोजता येतं, वेगळा निर्वात कप्पा जोडावा लागत नाही. पट्टी खोलीच्या तापमानाला असल्याने लक्ष्यावर बर्फ बसायची भीतीही नाही. स्रोतावर पातळ झाकण मात्र हवंच, नाहीतर अल्फाच्या धक्क्याने उडालेले किरणोत्सारी अणू पुढच्या फिल्टरवर जाऊन बसतील. तसं झालं तर तो फिल्टर बदलण्यावाचून इलाज नाही.

पहिलं मोजमाप थंड केल्याच्या दिवशीच घ्या. हा शून्यबिंदू नसेल तर पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही, कारण फिल्टरची मूळ जाडी बनवणाऱ्याने सांगितली तितकीच असेल असं गृहीत धरता येत नाही. नंतर दर दोन-तीन दिवसांनी एक, आणि शेवटचं प्रक्षेपणाआधी शक्य तितक्या उशिरा. व्हॉल्व्ह पुनःप्रवेशाआधी नीट बंद झाला आणि पेलोड परत मिळेपर्यंत हेलियम शिल्लक असलं तर एक मोजमाप तिथेही. असं झालं तर सोनं, कारण उड्डाणातच, रॉकेटच्या स्वतःच्या वाफेतून, काही बसलं का हे फक्त त्यावरूनच कळतं.

काढायचा कसा

निर्वातात बर्फ किती वेगाने उडतो हे तापमानावर कमालीचं अवलंबून आहे. १०० नॅनोमीटरचा थर १३० केल्विनला उडायला आठवडे लागतात, १५० ला काही तास, १७० ला साधारण मिनिट. म्हणून बाहेरच्या फिल्टरच्या चौकटीवर हीटर आणि तापमापक असायलाच हवेत. आराखड्यात ते नसतील तर पुढच्या उड्डाणाआधी घाला. बाकी सगळे उपाय याच्यापुढे दुय्यम आहेत.

पण चौकट १७० केल्विनला गेली म्हणजे मधला पडदा गेला असं नाही. शंभरेक नॅनोमीटरच्या प्लास्टिकमधून आणि त्यावरच्या अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता फार हळू सरकते. मध्यभागाचं तापमान चौकटीपेक्षा समोरच्या भिंतीवर जास्त ठरतं. सिलिकॉनच्या जाळीवर ताणलेले फिल्टर इथे उपयोगी पडतात: जाळी आधारही देते आणि उष्णता मध्यापर्यंत नेते. एक्सक्यूसीच्या नंतरच्या उड्डाणांत असे फिल्टर वापरात आले. जाळी नसेल तर वेळ भरपूर द्या आणि झालं की नाही हे चौकटीच्या तापमापकाला विचारू नका, फ्लोरिन-ऑक्सिजनच्या गुणोत्तराला विचारा.

दुसरा धोका: उडालेलं पाणी जातं कुठे? बाहेरच्या फिल्टरच्या बाहेरच्या तोंडावरचं पाणी आसपासच्या थंड ढालीवर बसेल, ते चालतं. आतल्या तोंडावरचं मात्र पुढच्या फिल्टरकडे जाईल, जो त्याहून थंड आहे आणि ज्याला कदाचित हीटरच नाही. त्यामुळे बाहेरचा एकटा तापवून गुणोत्तर अर्धंच सुधारलं आणि पुन्हा पुन्हा तापवूनही तिथेच अडलं, तर उरलेला बर्फ आत सरकलाय असं समजा. मग सगळं गरम करून, पंप चालू ठेवून, नव्याने थंड करण्यावाचून मार्ग नाही. हीटर असलेले फिल्टर एकाहून जास्त असतील तर सुरुवात आतल्यापासून करा, बाहेरचा सगळ्यात शेवटी थंड होऊ द्या.

तापवण्याची वेळही ठरवून घ्या. काउंटडाउनच्या शेवटच्या तासांत तापवून लगेच थंड होऊ देणं उत्तम. काहींना उड्डाणभर फिल्टर गरमच ठेवावासा वाटतो. १७० केल्विनचा पृष्ठभाग १३० च्या जवळपास तिप्पट उष्णता आत फेकतो. शीतकाला ती झेपते का हे जमिनीवर चालवून बघा, मगच ठरवा.

आणि मुळात कमी साचावा यासाठी: थंड करण्याआधी पंपाला दिवसच्या दिवस द्या, डिटेक्टरचा चिकटवा सोसेल तितपत भिंती तापवा, क्रायोस्टॅट उघडावाच लागला तर कोरड्या नायट्रोजनने भरा, साध्या हवेने कधीच नाही. थंड करताना आधी बाहेरची ढाल थंड होऊ द्या आणि फिल्टर जरा वेळ कोमट ठेवा, म्हणजे पहिला मोठा लोंढा ढालीवर अडकेल. व्हॉल्व्ह आणि रॉकेटच्या बाहेरच्या दरवाजामधला कप्पा प्रक्षेपणाआधी रिकामा करायला विसरू नका. तिथली दमट हवा दरवाजा उघडताच निघून जाते, पण भिंतींना चिकटलेलं पाणी मिनिटामिनिटाने सुटत राहतं आणि त्याच्यासमोर सगळ्यात थंड तोंड तुमच्या फिल्टरचं असतं.

उड्डाण होऊन गेलंय आणि मोजमापच नाही

असं झालं असेल तर बर्फाची जाडी वर्णपटाच्या जुळणीत मोकळा चल म्हणून सोडायचा मोह होईल. नोंदी इतक्या कमी असताना तो चल ओ-सेव्हनच्या तेजाशी पूर्णपणे गुंततो. एक वाढवा, दुसरा मुकाट वाढतो, आणि जुळणी छान दिसत राहते. त्याऐवजी वहीतून थंड राहिलेले दिवस काढा, शीतकाच्या चुंबकप्रवाहाच्या नोंदी काढा, त्यावरून जाडीची खालची आणि वरची मर्यादा बांधा, आणि चल तेवढ्यातच फिरू द्या. ओ-सेव्हनचा आकडा छापताना सांख्यिकी त्रुटी वेगळी आणि बर्फाची वेगळी द्या. दुसरी एकतर्फी असते: बर्फ फोटॉन काढून घेतो, घालत नाही, म्हणून ती फक्त वरच्या बाजूला जोडायची.